फुलाचा पत्ता : सह्याद्रीतील रानफुले आणि आमरी कशा ओळखाव्यात?

पावसाळ्याचा उत्तरार्ध सुरू झाला की पुण्या-मुंबईच्या गाड्या साताऱ्याजवळच्या कास पठाराकडे, तसेच हरिश्चंद्रगड, पुरंदर, आंबोली, महाबळेश्वर अशा ठिकाणांकडे वळू लागतात. माणसे जांभळ्या, गुलाबी, पिवळ्या गालिच्यांसमोर उभी राहून छायाचित्रे घेतात आणि संध्याकाळी परततात. घरी आल्यावर प्रश्न पडतो, हे फूल कोणते? मग ते छायाचित्र एखाद्या जाणकाराला दाखवले जाते. जाणकाराचा पहिला प्रश्न बहुधा रंगाविषयी नसतोच. तो विचारतो, हे कुठे उगवले होते? कातळावर, पाण्यात, गवतात की झाडावर? बहुतेकांना याचे उत्तर देता येत नाही, कारण छायाचित्रात फक्त पाकळ्या असतात.

रानफुलांच्या ओळखीचे मर्म या प्रश्नात आहे. बागेतले फूल माणूस नेईल तेथे वाढते. रानफुलाचे तसे नसते. दगड, माती, पाणी, ऊन आणि ऋतू यांच्या एका ठरावीक जुळणीतच ते उगवते. त्याचा पत्ता हा त्याच्या ओळखीचाच भाग असतो. ही गोष्ट ध्यानात आली तर फूल ओळखण्यासाठी ते तोडावे लागत नाही आणि ते वाचवण्यासाठी नेमके काय वाचवायचे, हेही उमगते.

नावातच गाव

वनस्पतिशास्त्रज्ञांना पत्त्याचे हे महत्त्व आरंभापासून ठाऊक आहे. सह्याद्रीतील अनेक वनस्पतींच्या शास्त्रीय नावांत गावे आणि प्रदेश आहेत. ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस म्हणजे साताऱ्याचा वायतुरा. हॅबेनारिया पंचगणिएन्सिस म्हणजे पाचगणी आमरी. सेनेसिओ बॉम्बेएन्सिस म्हणजे डोंगरउतार पिवळे करणारी सोनकी; तिच्या नावात मुंबई आहे. डिपकॅडी कोंकणेन्स ही कोकणच्या कातळसड्यांवरची दीपकाडी.

काही नावांत माणसेही भेटतात. तेरड्याची एक जात, कंदीलपुष्पाची एक जात आणि जरतारी या तिन्हींच्या नावांत असलेला 'लॉई' हा शब्द मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी जॉन सदरलँड लॉ यांची आठवण देतो. स्मिथिया आघारकरी या पिवळ्या फुलाच्या नावात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर आहेत. शिंदळ माकुडीच्या फ्रेरिया इंडिका या नावात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर आहेत.

या अभ्यासाला मोठी परंपरा आहे. जॉन ग्रॅहम यांनी मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. डॅलझेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ मध्ये आला. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात काम केलेले फादर सांतापाव यांनी कपाडिया यांच्यासह या भागातील आमरींवरचा ग्रंथ १९६६ मध्ये दिला. कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा ग्रंथ २००२ चा. श्रीकांत इंगळहळीकर यांचे सह्याद्रीच्या फुलांवरचे सचित्र पुस्तक २००१ मध्ये आले आणि रानफुले ओळखणे हा अनेक डोंगरभटक्यांचा छंद झाला.

कातळाचे पाच शेजार

पत्ता वाचायचा कसा, हे कासच्या उदाहरणाने चांगले समजते. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ कि. मी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर हे पठार आहे. खाली काळा बेसॉल्ट आणि त्यावर जांभ्याचे कवच अशी त्याची घडण. या भागात ८५० हून अधिक सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे आहेत.

उन्हाळ्यात हे पठार पाहिले तर तेथे काही उगवत असेल यावर विश्वास बसत नाही. कातळ तापलेला असतो आणि माती काही ठिकाणी जेमतेम बोटभर. पाऊस पडला की हाच कातळ पाण्याने निथळू लागतो. वर्षाचे चार महिने चिंब आणि आठ महिने कोरडे अशा जागी टिकायचे तर वेगळे गुण लागतात. काही वनस्पती कंदाच्या रूपाने जमिनीखाली उन्हाळा काढतात, तर काही बी टाकून संपतात. दुरून सपाट, एकसारखे वाटणारे हे पठार प्रत्यक्षात अनेक छोट्या वस्त्यांचे बनलेले आहे. त्यांतल्या पाच सहज ओळखता येतात.

पहिली वस्ती पाणथळ मातीची. पातळ मातीवरून पाणी सतत झिरपत असते तेथे 'सीतेची आसवे' हे निळे-जांभळे फूल दाटीने उगवते. बोटभर उंचीची नाजूक दांडी, तिच्यावर दोन ओठांचे फूल, फुलामागे टोकदार शुंडिका आणि डोळ्यांत भरतील अशी पाने जवळजवळ नाहीतच. युट्रिक्युलॅरिया या प्रजातीच्या या वनस्पती कीटकभक्षी आहेत. सततच्या पावसाने मातीतली पोषकद्रव्ये, विशेषतः नायट्रोजन, वाहून जातात. ती उणीव भरून काढण्यासाठी त्यांच्या चिखलातील भागांवर सूक्ष्म पिशव्या असतात. एखादा बारीक जीव पिशवीच्या दाराला लागला की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत तो पाण्यासह आत ओढला जातो. याच शेजारात दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी वनस्पती भेटते. तिच्या पानांवरचे चमकते थेंब दवाचे नसून चिकट स्रावाचे असतात. उन्हे वर आली आणि दव उडून गेले तरी हे थेंब तसेच राहतात. ही तिची सोपी खूण.

दुसरी वस्ती सपाट, ओलसर मातीची. येथे पांढऱ्या गुंडीसारखे गेंद दिसतात. गेंदाची एक गुंडी म्हणजे एक फूल नव्हे; अनेक सूक्ष्म फुलांचा तो गुच्छ असतो. जवळपासच गुलाबी तेरड्याचे ताटवे असतात. कासचा हा तेरडा, इम्पेशन्स लॉई, कोकणात ज्याची गौर बसवतात त्या नेहमीच्या तेरड्याचा चुलतभाऊ. पक्व शेंगेला धक्का लागताच ती फुटून बिया उडणे, ही या घराण्याची खूण दोघांतही आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस, असे म्हटले जाते. पठारावर मात्र एक फूल गळते तोवर दुसरे उमलते आणि गालिचा काही आठवडे टिकतो.

तिसरी वस्ती साचलेल्या पाण्याची. कातळातील उथळ डबक्यांत वायतुरा उगवतो. पाण्याबाहेर आलेल्या दांडीवर त्याचा तुरा दुभंगतो आणि इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा दिसतो. डबके आटले की कंद चिखलात झोपी जातो. मोठ्या तळ्यांत पांढरी कुमुदिनी फुलते. अनेक पर्यटक तिला कमळ समजतात. कुमुदिनीचे फूल लहान असते आणि पाकळ्यांवर कापसासारखी लव असते. कमळाच्या किंवा कमळवेलीच्या पाकळ्या गुळगुळीत असतात. काठावरून एवढे पाहिले तरी निर्णय होतो.

चौथी वस्ती खोल मातीची आणि गवताची. येथे मिकी माऊस या लाडक्या नावाने ओळखली जाणारी स्मिथियाची पिवळी फुले दिसतात. वरची पाकळी दुभंगून उंदराच्या कानांसारखी दिसते म्हणून हे नाव. फुलाची घडण वाटाण्याच्या फुलासारखी असल्याने त्याचे कूळ लगेच कळते. आले-हळदीच्या कुळातील चवर मोठ्या पानांवरून ओळखू येते; तिच्या कंदापासून सत्त्व काढले जात असे. टोपली कारवीची झुडपे पालथ्या टोपल्यांसारखी गोलाकार असतात. अनेक वर्षे ती नुसती वाढतात आणि मग एका हंगामात सगळी मिळून जांभळ्या-निळ्या फुलांनी भरतात. तिची मोठी बहीण कारवी मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी सामूहिकपणे फुलली. सात वर्षांची वाढ, आठव्या वर्षी फुलोरा, मग बी आणि अंत, असा तिचा जीवनक्रम आहे.

पाचवी वस्ती कड्यांची आणि भेगांची. शिंदळ माकुडी ही केवळ महाराष्ट्रात आढळणारी मांसल वनस्पती शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा किल्ल्यांच्या कड्यांवर तग धरून आहे. पावसाळा संपताना तिला लालसर तपकिरी, पिवळ्या ठिपक्यांची, चांदणीच्या आकाराची फुले येतात. माणसाचा आणि गुरांचा हात पोहोचणार नाही अशा जागीच ती प्रामुख्याने उरली आहे. तिच्या दुर्मीळपणाचे कारण तिचा पत्ताच सांगतो.

आमरी म्हणजे काय?

ऑर्किड म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे पुष्पगुच्छातील महागडी, परदेशी फुले येतात. आपल्या डोंगरांतील ऑर्किडना मराठीत आमरी म्हणतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीनुसार भारतात आमरींच्या १,२५६ जाती आहेत. महाराष्ट्रातील जातींची संख्या शंभरावर जाते. त्यांतील अनेक इतक्या लहान आहेत की पायाखाली आल्या तरी कळत नाही.

आमरी ओळखण्याच्या खुणा मोजक्या आहेत. फुलाला तीन बाह्यदले आणि तीन पाकळ्या असतात. पाकळ्यांपैकी एक इतरांपेक्षा निराळी असते. ती पसरट, झालरीदार, ठिपकेदार किंवा पिशवीसारखी असू शकते. तिला ओष्ठ म्हणतात. किडा-फुलपाखरू उतरण्याचा तो धक्का असतो. इतर फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगळे दिसतात. आमरीत ते एकत्र येऊन मधोमध एकच स्तंभ होतो. पराग धुळीसारखे सुटे नसून गोळीच्या रूपात असतात आणि ही गोळी कीटकाच्या डोक्याला किंवा सोंडेला चिकटून दुसऱ्या फुलावर जाते. बहुतेक जातींत कळी उमलण्यापूर्वी देठ पिळला जाऊन फूल उलटे होते आणि ओष्ठ खालच्या बाजूला येतो. फुलाच्या देठाजवळ हा पीळ कित्येकदा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आमरींचे पत्ते ढोबळमानाने दोन, जमीन आणि झाड.

गवतातल्या आमरी

जमिनीवरील आमरींत हॅबेनारिया ही प्रजाती आपल्याकडे विपुल आहे. जूनच्या पहिल्या सरींनंतर माळावर, जमिनीला अगदी चिकटून एखाद-दुसरे गोलसर पान आणि त्यातून निघालेल्या आखूड दांडीवर मोजकी पांढरी फुले दिसली तर ती बहुधा हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दांडीच्या एकाच बाजूला ओळीने पांढरी फुले लागलेली दिसली तर ती हॅबेनारिया हेनियाना. तिच्या आकारावरून तिला टूथब्रश ऑर्किड असेही म्हणतात. फुलामागे बोटाहून लांब शुंडिका लोंबत असेल तर हॅबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटाचा विचार करावा. इतक्या खोल नळीतला मध लांब सोंडेच्या पतंगालाच मिळतो. पांढरा रंग तिन्हींचा सारखा आहे. त्यांना वेगळे करतात ते महिना, पानांची ठेवण आणि शुंडिकेची लांबी. म्हणूनच समोरून घेतलेले एकच छायाचित्र पुरत नाही. बाजूनेही एक हवे.

नर्व्हिलिया ही आमरी याहून चकवा देणारी. पावसाच्या आरंभी तिची फक्त फुलाची दांडी जमिनीबाहेर येते, पान नसते. फुले गेल्यावर काही दिवसांनी एकच पान उगवते. जूनमध्ये फूल पाहणारा आणि ऑगस्टमध्ये पान पाहणारा, दोघांना आपण निरनिराळ्या वनस्पती पाहिल्या असे वाटते. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणाऱ्यालाच हे कोडे सुटते.

गवतात आमरी शोधताना आमरी नसलेली काही फुलेही नवख्याला फसवतात. कंदीलपुष्प हे त्यांतले मुख्य. तळाशी फुगीर नळी आणि माथ्यावर जुळलेल्या पाकळ्यांची टोपी असा कंदिलासारखा त्याचा आकार असतो. हे रुईच्या कुळाचे नातेवाईक आहे. नळीच्या आतील केसांमुळे बारीक माशी आत जाते, पण तिला लगेच बाहेर येता येत नाही. केस सुकले की तिची सुटका होते आणि परागांची ने-आण साधते. काही कंदीलपुष्पांचे कंद गुराखी मुले खणून खातात. त्यांना खरपुडी म्हणतात. कंद गेला की वनस्पतीच जाते. नागाच्या फणीसारखा दिसणारा सापकांदाही असाच. पहिल्या पावसाबरोबर तो उतारांवर उभा राहतो. तो अळूच्या कुळातला आहे.

झाडावरच्या आमरी आणि बांडगुळाचा गैरसमज

झाडावर वाढणाऱ्या आमरींविषयी एक जुना आणि महागात पडलेला गैरसमज आहे. झाडावर दुसरे काही उगवले की त्याला सरसकट बांडगूळ म्हटले जाते आणि झाड वाचवण्यासाठी ते ओरबाडून काढले जाते. बांडगूळ खरोखरच परोपजीवी असते. त्याची शोषक मुळे फांदीत घुसतात आणि झाडाचे अन्नपाणी घेतात. आमरी तशी नसते. तिला झाडाकडून हवी असते ती फक्त बसायला जागा. तिची जाड, पांढुरकी मुळे सालीवर पसरतात किंवा हवेत लोंबतात. त्यांवरील स्पंजासारखे आवरण पावसाचे आणि धुक्याचे पाणी शोषून घेते. फरक दुरूनही कळतो. बांडगुळाला फांद्या फुटतात, पाने साध्या झाडासारखी असतात आणि ते जेथे फांदीला जोडलेले असते तेथे गाठ दिसते. आमरीची पाने बहुधा जाड, पट्ट्यासारखी, दोन ओळींत असतात आणि मुळे उघडी दिसतात.

यांतली सर्वांत देखणी ऱ्हिन्कोस्टायलिस रेट्यूसा. मे-जूनच्या सुमारास तिच्या पांढऱ्या-गुलाबी फुलांचे भरगच्च गजरे फांदीवरून खाली लोंबतात. काही भागांत तिला सीतेची वेणी म्हणतात. आसाममध्ये हीच कपौ फूल आहे आणि ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. याच हंगामात एरिडिस मॅक्युलोसाची सुगंधी फुलेही येतात. त्यांवरील जांभळे ठिपके आणि रुंद, उठावदार ओष्ठ यांमुळे ती वेगळी कळते. ऱ्हिन्कोस्टायलिसचा गजरा अधिक दाट आणि गोल असतो.

डेंड्रोबियम बार्बाट्युलमची रीत उलटी. पावसाळ्यात तिच्या जाडसर दांड्यांवर पाने असतात आणि फुले नसतात. हिवाळ्यानंतर पाने झडतात. वाळलेल्या काड्यांसारख्या दिसणाऱ्या त्या दांड्यांवर फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान शुभ्र फुले येतात. पाने झडलेल्या काळात ती मेलेली समजून झाडावरून काढून टाकली जाते. वास्तविक त्या काड्यांत पाणी आणि अन्न साठवलेले असते.

झाडावरच्या आमरींसाठी झाडाचे वय महत्त्वाचे. जुन्या झाडांची खडबडीत, शेवाळलेली साल त्यांना मानवते. म्हणूनच देवरायांमध्ये आणि घाटातल्या जुन्या आंब्या-जांभळांवर त्या भेटतात. रस्ता रुंद करताना असे एक झाड पडले की त्यावरची वस्तीही जाते आणि बदल्यात लावलेले रोप तिला अनेक वर्षे जागा देऊ शकत नाही.

घरी आणलेली आमरी का जगत नाही?

पर्यटनस्थळी रस्त्याच्या कडेला फुललेल्या आमरींच्या जुड्या विकायला असतात. त्या हौसेने घेतल्या जातात, बाल्कनीत टांगल्या जातात आणि बहुधा एक-दोन वर्षांत सुकतात. कारण पुन्हा पत्त्याचेच. उंची, धुके, सालीचा ओलावा, झिरपते ऊन आणि ठरावीक कोरडा काळ हे सारे जुडीबरोबर विकत मिळत नाही.

बियांपासून नवी आमरी उगवणे तर आणखी अवघड. आमरीच्या एका शेंगेत धुळीसारख्या बारीक असंख्य बिया असतात, पण बीजात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. रुजताना बीजाला विशिष्ट बुरशीची साथ लागते. ती बुरशी मातीत किंवा सालीत नसेल तर बी रुजत नाही. तोडलेल्या एका फुलाबरोबर हजारो बियांची शक्यता जाते.

कायद्याचीही बाजू आहे. वन्य जीव आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस करारात भारत १९७६ मध्ये सहभागी झाला. या कराराच्या परिशिष्टांत आमरींचे संपूर्ण कूळ समाविष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि या कराराच्या अंमलबजावणीची तरतूद देशी कायद्यात आली. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून परवानगीवाचून वनस्पती काढणे हा गुन्हा आहे.

आपले फूल आणि परके फूल

डोंगरावर दिसणारे प्रत्येक सुंदर फूल तेथलेच असते असे नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घाटरस्त्यांच्या कडेला नारिंगी-पिवळा कॉसमॉस फुलतो आणि अनेक जण त्याला सोनकी समजून छायाचित्रे घेतात. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. त्याची पाने बारीक चिरलेली असतात, फुले मोठी आणि देठ लांब. सोनकी ठेंगणी, पिवळीधमक, न विभागलेल्या दातेरी पानांची. घाणेरी, रानमोडी आणि गाजरगवत ही परक्यांची आणखी उदाहरणे. तिन्ही मूळची अमेरिका खंडांतील.

येथेही पत्ता कामी येतो. परक्या वनस्पती बहुधा रस्त्याची कड, खणलेली माती, वाहनतळ, टाकलेला भराव अशा मोडलेल्या जागी आधी दिसतात. पठाराच्या मधोमध त्या दिसू लागल्या तर तेथील जमीन कोणीतरी उकरली आहे, हे समजावे.

पाहावे कसे, नोंदवावे काय?

रानफुले पाहायला जाताना सोबत एक वही, दहा पट मोठे दाखवणारे छोटे भिंग आणि भरपूर वेळ असावा. फूल दिसताच जवळ जाण्यापूर्वी थांबून आजूबाजूला पाहावे. तारीख, गाव, अंदाजे उंची, जमिनीचा प्रकार, पाणी साचलेले की वाहते, सावली की ऊन, सोबतीला कोणत्या वनस्पती आहेत, हे आधी लिहावे. मग वनस्पतीची उंची, पानांची मांडणी, फुलांची संख्या, वास, फुलावर आलेले किडे यांची नोंद करावी.

छायाचित्रे किमान चार असावीत. पहिले परिसरासह संपूर्ण वनस्पतीचे, दुसरे पानांचे, तिसरे फुलाचे समोरून आणि चौथे बाजूने. मोबाइलवरील ओळख सांगणाऱ्या सुविधांचा आधार घेण्यास हरकत नाही. मात्र त्यांचे उत्तर ही सुरुवात समजावी. महिना, जागा आणि पानांची ठेवण त्या उत्तराशी जुळते का, हे ताडून पाहावे. जुळत नसेल तर प्रजातीपर्यंतच नाव लिहून थांबणे अधिक प्रामाणिक. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईचे ब्लॅटर हर्बेरियम या ठिकाणी जतन केलेले वाळवलेले नमुने हा अंतिम पडताळणीचा आधार आहे.

पाऊल ठेवताना उघडा कातळ निवडावा, कारण ओली माती बुटाखाली दबली की त्यातील कंद आणि बिया चिरडतात. फुलांच्या गालिच्यात बसून छायाचित्र काढणाऱ्या एका कुटुंबामागे चपट्या झालेल्या जागेत तो हंगाम बहुधा पुन्हा फुलत नाही. दुर्मीळ आमरी दिसली तर तिची नेमकी जागा चारचौघांत जाहीर करू नये. अभ्यासकाला ती सांगावी. इतरांना तालुक्याचे नाव पुरेसे आहे.

'पोटखराब्या'चे मोल

कासला गर्दी वाढल्यानंतर प्रवेशशुल्क, दैनंदिन संख्येवर मर्यादा आणि आगाऊ नोंदणी असे उपाय योजावे लागले. एके काळी पठाराला तारेचे कुंपणही घालण्यात आले होते. त्यावर अभ्यासकांतून आक्षेप आला तो असा की, गुरांची चराई पूर्ण थांबली तर गवत उंच माजते आणि ठेंगण्या फुलांना ऊन मिळत नाही. फुले वाचवायची म्हणजे फक्त माणसे अडवायची, इतके हे सोपे नाही. त्या जागेचा जुना व्यवहारही समजून घ्यावा लागतो.

कासला निदान मान आहे, वारशाचा शिक्का आहे. सह्याद्रीच्या इतर माथ्यांवर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग ते गोव्यापर्यंतच्या सड्यांवर तसा शिक्का नाही. तेथे झाडे नाहीत, पीक नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा म्हणून असते. कागदावर जे निरुपयोगी ठरते त्यावर चिरेखाण, रस्ता, बंगल्यांचे प्रकल्प किंवा कारखाना येताना कोणाला हरकत वाटत नाही. हरित पट्टा करण्याच्या उत्साहात अशा कातळावर खड्डे खणून, बाहेरची माती भरून झाडे लावली जातात. त्यानेही तेथील ठेंगणी फुले जातात. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याला तेथे खरोखरच काही दिसत नाही, कारण त्या वेळी वायतुरा चिखलाखाली असतो, आमरी कंदात असते आणि गेंदाची बी मातीत असते.

म्हणून रानफूल ओळखणे हा केवळ सुट्टीचा छंद राहत नाही. कोणत्या सड्यावर, कोणत्या महिन्यात, कोणत्या डबक्यात काय फुलते, याची तारीखवार नोंद ज्या गावाजवळ असेल, त्या गावाला आपल्या पोटखराब्याविषयी बोलताना पुरावा असतो. ती ठेवायला पदवी लागत नाही. एकाच जागी जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला जाणारे दोन डोळे आणि एक वही पुरते.